मांडीवरचा पाय

मालती हसली, आणि ते हसणं शालिकरामच्या ओळखीचं नव्हतं. रामाकोन्याच्या त्या अरुंद गल्लीत एका कुडाच्या भिंतीआड तो उभा होता, हातात भज्यांचा पुडा होता, आणि लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर आपल्या बायकोपाशी असंही एक हसणं आहे, पोटातून येणारं, मध्येच श्वास घेऊन पुन्हा सुरू होणारं, हे त्याला आज कळत होतं. पुड्याच्या कागदाला तेल सुटून त्याची बोटं ओशट झाली होती. खरं तर तो इथे यायचाच नव्हता. पांढुर्ण्याच्या ज्या कापसाच्या जिनिंगमध्ये तो कामाला होता तिथे सकाळीच मालकाची आई वारल्याची बातमी आली, यंत्रं थांबली, आणि तो आल्या पावली सौंसरला घरी परत आला. दाराला कुलूप. शेजारच्या शोभाबाई म्हणाल्या, "बाई तं रामाकोन्याले गेल्या जी. सोमवार हाय ना आज." सोमवार म्हणजे रामाकोना हे शेजारणीला माहीत आणि नवऱ्याला नाही, ही पहिली बारीकशी टोचणी. पण तेव्हा ती त्याने हसण्यावारी नेली. आयती सुट्टी मिळालीच आहे तर बायकोला चकित करू म्हणून त्याने स्टेशनाबाहेर भजी घेतली आणि अरुंद रुळांवरच्या छोट्या गाडीत बसला. आता त्याला दिसत होतं ते असं: शेणाने सारवलेली ओसरी, ओसरीच्या कडेला बसलेला एक रुंद छातीचा, सावळा, चाळिशीच्या आतला माणूस, आणि खाली, गोणपाटावर, मालती. त्या माणसाचा ओला पाय तिच्या मांडीवर होता. ती तळपायाला तेल चोळत होती. तो माणूस काहीतरी म्हणाला आणि ती पुन्हा हसली. शालिकराम भज्यांसकट मागे वळला. स्टेशनच्या बाकावर बसून त्याने ती सगळी भजी एकट्याने संपवली, गार झालेली, आणि नंतर छातीत जळजळ झाली तर त्याचाही दोष त्या माणसाला दिला.

शालिकराम काही मागासलेल्या विचारांचा माणूस नव्हता. हे तो स्वतःच लोकांना सांगत असे, त्यामुळे त्यात शंकेला जागा नव्हती. सरकारी दवाखान्याला गावोगाव फिरणारी, थोडीफार शिकलेली बाई हवी होती तेव्हा मालतीचं नाव त्यानेच पुढे केलं होतं. ती छिंदवाड्याला शिकायला गेली तेव्हा हाताने स्वयंपाक करून खाल्ला होता, आणि तो किती बिघडला याच्या गमती जिनिंगमध्ये सांगितल्या होत्या. आता ती आसपासच्या गावांतल्या महारोगाच्या पेशंटांकडे जायची, महिन्याच्या गोळ्या आपल्या देखत गिळायला लावायची, हातापायाच्या जखमा पाहायची. महारोग म्हटलं की लोक खुर्ची मागे सरकवतात. शालिकराम उलट छाती काढून सांगायचा की माझी बायको अशांच्या ओसरीवर जाऊन बसते. ओसरीवर बसते इतकंच त्याने डोळ्यांपुढे आणलं होतं. बसून काय करते हे कधी आणलं नव्हतं. आणि पायांचं म्हणाल, तर पायांची एक वेगळीच हकीगत होती. त्यांच्या लग्नात, बुद्धवंदना झाल्यावर, सगळ्या मांडवादेखत मालती त्याच्या पाया पडायला वाकली होती. कोणी शिकवलं असेल, किंवा नुसती जुनी सवय. तिची बोटं त्याच्या अंगठ्यापाशी पोचायच्या आत त्याने तिला खांद्यांना धरून वर उचललं आणि मोठ्याने म्हणाला, माझ्या बायकोनं माझ्या पायाला हात लावायचा नाही, आपण दोघं बरोबरीचे. मांडवात टाळ्या पडल्या. एका म्हाताऱ्या गुरुजींनी डोळे पुसले. ही गोष्ट त्याने पुढे किती ठिकाणी सांगितली असेल! मालती ऐकताना नेहमी खाली पाहायची, आणि तो समजायचा की तिला अभिमान वाटतो आहे. तिने शब्द पाळला. आजारपणात डोकं चेपलं, पाठ चोळून दिली, पण पायांना कधी हात लावला नाही. आज त्या बाकावर बसून शालिकरामने चपलेतून पाय काढून पाहिले. साधे पाय होते, नखं थोडी वाढलेली. त्यांना आईनंतर कोणाचा हात लागला नव्हता, आणि ते आपणच ठरवलं होतं, टाळ्या घेऊन ठरवलं होतं, हे आठवून त्याला स्वतःचाच संताप आला.

संध्याकाळी मालती आली तेव्हा तो खाटेवर पडून होता. ती नेहमीसारखी आधी मोरीवर गेली, साबण लावून कोपरापर्यंत हात धुतले, मग कणीक काढली. तो तिचे हात पाहत राहिला. तिंबताना मनगटाशी हाडं वरखाली होत होती. याच हातांच्या भाकरी आपण खातो, हा विचार आला, पण त्यात किळस नव्हती. किळस असती तर बरं झालं असतं, जे वाटत होतं त्याला नाव तरी देता आलं असतं. "आज लौकर आले जी?" तिने विचारलं. त्याने मालकाच्या आईचं सांगितलं. "मंग दिवसभर काय केलं?" तो म्हणाला, झोपलो. आणि अगदी सहज, कुशीवर वळत, "तू कुठं होती?" ती कणकेचा गोळा करत सांगू लागली, काही न लपवता, न विचारलेलंही. "रामाकोन्याले. थो उत्तम हाय ना, त्याचा पाय सुधरून राहिला जी आता."

"कोण उत्तम?"

"संत्र्याच्या बगिच्यात राखण करते. पायाले काहीच लागत नाही त्याले. मागं चुलीतला निखारा पायाखाली आला, तं वास आल्यावर समजलं त्याले का आपलाच पाय जळून राहिला. मोठी जखम झाली होती. आता भरत आली. रोज पाण्यात भिजवा लागते, दगडानं घासा लागते, मंग ओल्यावरच तेल."

"अन् बायको नाही काय त्याले?"

"गेली माहेरी. रोगाचं समजलं तशी गेली."

"मंग तेल आपल्या हातानं नाही लावू शकत?"

"बोटं वाकली ना जी त्याची. दगड धरता येत नाही."

प्रत्येक प्रश्नाला उत्तर होतं, आणि उत्तरात कुठे फट नव्हती. ती काही लपवती तर शालिकरामला धरायला काहीतरी मिळालं असतं. हसलीस का, एवढं एकच विचारायचं होतं, आणि ते विचारलं असतं तर भिंतीआड उभं राहणं बाहेर आलं असतं. त्याने कूस बदलली. मालती म्हणाली, "लई गमत्या माणूस हाय पण. एवढं झालं तरी हासवते." तिने ती गंमत सांगितली नाही. शालिकराम वाट पाहत राहिला, ती भाकरी थापत राहिली, आणि मग विषय चुलीतल्या ओल्या लाकडांकडे गेला.

पुढचे दिवस त्याच्या बोटांवरून नुसता कापूस गेला. जिनिंगच्या आवारात कापसाने भरलेल्या बैलबंड्या रांगेने उभ्या राहत, आणि शालिकरामचं काम असं की प्रत्येक ढिगात हात खुपसून चिमूटभर कापूस काढायचा, दोन्ही अंगठ्यांमध्ये धरून ओढायचा, तंतू किती लांब, किती बळकट, ओल किती, हे बोटांनी पाहून प्रत सांगायची. त्याची बोटं चुकत नसत. आता मात्र हात ढिगात असताना त्याला मालतीची मांडी आठवायची. तिच्या लुगड्यावर पडलेला ओला डाग आठवायचा. तो पाय केवढा होता! रुंद, बोटं पसरलेली, टाचेला भेगा. आणि त्याला काही समजत नव्हतं. इतक्या हलक्या हाताने कोणी चोळतं आहे, आणि ज्याला चोळतं आहे त्याला पत्ता नाही. हे वाया जाणं त्याला सहन होईना. मी असतो तर मला कळलं असतं, तिच्या एकेका बोटाचं कळलं असतं, असं तो मनात म्हणायचा, आणि शेतकरी विचारायचा, "काय झालं जी, माल खराब हाय काय?" शालिकराम दचकून प्रत सांगायचा. उत्तमच्या वाकलेल्या बोटांचा, माहेरी गेलेल्या बायकोचा विचार त्याच्या मनात येत नव्हता असं नाही. यायचा, आणि लगेच पुढे हेही यायचं की बायको गेली म्हणून माझी पाठवायची की काय? असं काही मनात आलं की त्याला लाज वाटायची, आणि लाज वाटली की उत्तमवरचा राग वाढायचा. मत्सराला एक धड कारण पुरतं. शालिकरामचं कारण इतकं अवघड होतं की ते कोणापाशी बोलायचीही सोय नव्हती. माझ्या बायकोनं दुसऱ्याच्या पायाला हात लावला, आणि माझ्या पायाला मीच लावू दिला नाही, हे कोणाला सांगणार?

ते सुचलं असं म्हणता येणार नाही. बसमध्ये जागा नव्हती म्हणून तो इंजिनाशेजारच्या पत्र्यावर पाय मुडपून बसला होता, सौंसर आलं तेव्हा डाव्या पायाला मुंग्या आल्या होत्या, आणि उतरताना तो पाय आपला नसल्यासारखा जमिनीवर पडला. तेवढंच. मुंग्या घरापर्यंत टिकल्या नाहीत. पण सकाळी मालती औषधांची पेटी भरत होती, सोमवार होता, तिने ओठ मिटून काहीतरी गुणगुणायला सुरुवात केली होती, आणि शालिकरामच्या तोंडून निघून गेलं, "मालती, माह्या डाव्या पायाले लागून नाही राहिलं."

तिचं गुणगुणणं थांबलं. ती हळूच उठली, त्याला खाटेवर बसवलं, स्वतः खाली बसली. "कधीपासून जी?" तो म्हणाला, झाले काही दिवस. "काऊन नाही सांगितलं?" त्याने खांदे उडवले. मग तिने त्याचा पाय उचलला. उचलून मांडीवर घेतला. शालिकरामच्या अंगभर काहीतरी सरसरत गेलं. लग्नाच्या पहिल्या रात्रीसुद्धा त्याला असं झालं नव्हतं. तिने बॉलपेन घेतला, त्याला डोळे मिटायला लावले. "मी जिथं टेकवीन तिथं बोट दाखवजा." पेनाचं टोक त्याच्या टाचेला लागलं. तो गप्प राहिला. मग चवड्याला, मग करंगळीखाली, मग घोट्याच्या बाहेरच्या अंगाला, अगदी हलकं, आणि दर वेळी थांबून ती वाट पाहायची. मिटल्या डोळ्यांनी शालिकराम त्या थांबण्यात बसून राहिला. त्याला तिचा श्वास ऐकू येत होता. तळव्याच्या खोलगट भागात गुदगुली झाली तेव्हा त्याने जिभेचं टोक दातांत धरलं. मग तिची बोटं वर सरकली, गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूने एक नस चाचपू लागली, पुढे घोट्यामागची. "इथं दुखते?" तो म्हणाला, नाही. तिचा हा आवाज मात्र त्याच्या वाट्याचा नव्हता. समजूत घालणारा, सावकाश, कुणालाही चालेल असा आवाज होता. त्याने डोळे उघडले. मालती पांढरी पडली होती. "नस तं जाड नाही लागत," ती स्वतःशीच म्हणाली, "पण माह्या हाताले काय समजते. डॉक्टरले दाखवा लागन." आणि एकदम पदर तोंडावर घेऊन ती रडू लागली. "मीच आणला काय जी घरात? शिकवलं होतं का असा लागत नाही म्हणून. सगळ्याइले मीच सांगतो असा लागत नाही म्हणून." त्या वेळी सांगता आलं असतं. तोंडातून निघालं तसं परतही घेता आलं असतं, हसून, गंमत केली म्हणून. पण पाय अजून तिच्या मांडीवर होता, आणि रडतानाही तिचा एक हात त्याच्या टाचेखाली होता. शालिकराम म्हणाला, "मंग तू रामाकोन्याले जाऊ नको काही दिवस." ती रडता रडता मान हलवून हो म्हणाली.

त्यानंतरच्या सकाळी थंडीच्या होत्या आणि अंगणात कोवळं ऊन येई. मालती घमेल्यात पाणी घ्यायची, कोपर बुडवून ऊब पाहायची, मग त्याचा पाय आत ठेवायची. मग खडबडीत दगड, मग तेल. शालिकराम खाटेवर राजासारखा बसायचा आणि जिनिंगची बस चुकवायचा. तिचं डोकं खाली वाकलेलं असायचं, भांगातले दोनचार पांढरे केस दिसायचे, ते त्याने आजवर पाहिले नव्हते. सुख म्हणावं तर ते सुखच होतं. फक्त ती हसत नव्हती. त्याने प्रयत्न केले. जिनिंगमधल्या गमती सांगितल्या, मालकाची नक्कल केली, एकदा तर पायाच्या बोटांनी तिची वेणी ओढली आणि मग आपल्याला बोटं इतकी नेमकी हलवता येऊ नयेत हे आठवून गार पडला. ती हसायची, पण आजाऱ्याच्या समाधानासाठी हसतात तसं. "उत्तमबी असाच बसते काय?" त्याने विचारलं. "त्याच्याकडं खाट नाही," ती म्हणाली आणि दगड घासू लागली. त्याला वाटलं, आपण उत्तमच्या जागेवर येऊन बसलो, पण उत्तमला मिळत होतं ते काही आपल्याला मिळेना. तिथे ती कामाला गेलेली बाई होती, इथे भ्यालेली. रात्री ती त्याच्याकडे पाठ करून झोपायची, आणि मध्येच हात मागे करून त्याच्या पायाचा गारवा चाचपायची. दवाखान्यात डॉक्टर गुरुवारी यायचा. शालिकराम म्हणाला, कापसाचा हंगाम आहे, पुढच्या गुरुवारी. मग पुन्हा पुढच्या. रामाकोन्याला कोणाकरवी तरी निरोप गेला होता की बाईंच्या घरी आजार आहे. दुसरं कोणी तिकडे गेलं का, हे मालतीने दवाखान्यात विचारलं. कोणी गेलं नव्हतं. हे तिने त्याला सांगितलं, आणि त्याच्या तोंडाकडे पाहत थांबली. तो म्हणाला, जाईल कोणीतरी.

रविवारी जिनिंग बंद होतं. शालिकराम अंगणात पाय घमेल्यात घालून बसला होता, मालती शोभाबाईंकडे दूध आणायला गेली होती, आणि फाटकाशी कोणीतरी उभं राहिलं. "जय भीम भाऊ. मालतीबाईचं घर हेच काय जी?" ती रुंद छाती शालिकरामने लगेच ओळखली. जवळून माणूस थकलेला दिसत होता, गालफडं आत गेलेली, दाढी वाढलेली. उजव्या पायाला चिंध्या गुंडाळून वरून टायरची चप्पल सुतळीने बांधली होती. त्याला शालिकराम अर्थातच ठाऊक नव्हता. तो काही बोलणार होता, तेवढ्यात त्याची नजर घमेल्यावर गेली, मग दगडावर, मग तेलाच्या वाटीवर. या वस्तू त्याला कोणी समजावून द्यायची गरज नव्हती. त्याचा चेहराच बदलला. तो फाटकातून आत आला आणि खाली मातीत, घमेल्यासमोर, ऐसपैस बसला.

"तुमालेबी, भाऊ?"

शालिकरामची मान हलली. हो म्हणून की नाही म्हणून, ते त्यालाही समजलं नाही.

"डावा काय? माहा उजवा." उत्तम आपला पाय हातांनी उचलून शेजारी ठेवत म्हणाला. "म्हणून बाई येऊन नाही राहिल्या. मी तं घुस्सा करून राहिलो होतो त्याइच्यावर. म्हटलं, आमाले इसरल्या. आता घरचं सोडून आमच्याकडं कशाले येतीन?" मग त्याच्या तोंडावर ते हसू आलं, ज्याच्यावर मालती हसत असावी. "तुमचं बरं हाय पण. माह्यापाशी सोमवारचीच बाई, तुमच्यापाशी रोजची." शालिकरामला एक क्षण खरोखर जिंकल्यासारखं वाटलं. या माणसाने तोंडाने कबूल केलं होतं. आणि लगेच ते जिंकणं कुठे ठेवावं हे त्याला कळेना, कारण समोरून एक वास येत होता, गोडसर, कुजका, आणि तो त्या चिंध्यांमधून येत होता.

मालती फाटकातून आली ती दुधाचा गडवा तिथेच भिंतीवर ठेवून खाली बसली. "या पायानं चालत आले काय जी, उत्तमभाऊ?" तो म्हणाला, गाडी चुकली, दुखत तर नाही, म्हणून चालत निघालो. ती सुतळी सोडू लागली. चिंध्या निघाल्या. शालिकरामला नीट दिसलं नाही, तिच्या पाठीआड होतं. अंगठ्यापाशी काहीतरी काळं होतं एवढं दिसलं. "एवढं बरं झालं होतं," ती म्हणाली, आणि तो आवाज समजूत घालणारा नव्हता, तिचा स्वतःचा होता, चिडलेला, भरून आलेला. "मले कोणाकरवी बोलावलं काऊन नाही?"

"तुमच्या घरी आजार होता ना, बाई. अंगठा जाईन काय?"

"मले नाही सांगता येत. नागपूरले न्या लागन. आजच." तिने अंगणातल्या चुलीवर पाणी ठेवलं, ते उकळलं का पाहू लागली, पेटीतून पट्टी काढू लागली, पुन्हा येऊन त्याचा घोटा धरून बसली, सूज कुठपर्यंत चढली ते दाबून पाहू लागली. शालिकराम घमेल्यात पाय घालून बसला होता. त्याच्याकडे कोणी पाहत नव्हतं. त्याला ठाऊक होतं की हे असंच असायला हवं, समोरच्या माणसाचा अंगठा जातो आहे आणि तो आपल्यामुळे जातो आहे. हे सगळं त्याला अगदी स्वच्छ दिसत होतं. तरीही तिचा अंगठा दुसऱ्याच्या घोट्यावर हलकेच फिरताना पाहून त्याला राहवेना, आणि स्वतःचा आवाज त्याच्याच कानांवर आला, "मालती, पाणी थंड झालं."

ती उठली. चुलीवरचं भगोनं पदराने धरून आणलं. जखमेसाठी उकळायला ठेवलेलं पाणी होतं ते. तिने आज कोपर बुडवला नाही. तिची नजर मागे, उत्तमच्या पायावर होती. तिने अर्धं पाणी घमेल्यात ओतलं आणि उरलेलं घेऊन परत फिरली. वाफ येताना शालिकरामला दिसली होती. पाय काढता आला असता. पण ज्याला लागत नाही तो पाय कशाला काढेल? पाणी आधी घोट्याला भिडलं, मग खाली गेलं, मग सगळीकडून एकदम आलं, आणि पाय एवढा मोठा झाला की त्याच्यापुढे अंगण, घर, मालती, काही उरलं नाही. त्याने खाटेची दोरी दोन्ही मुठींत धरली. तोंड मिटून ठेवलं. डोळ्यांतून पाणी आलं ते मात्र त्याला थांबवता आलं नाही, ते गालांवरून सरळ खाली गेलं. उत्तम समोरच बसला होता. तो आधी त्याच्या डोळ्यांकडे पाहत राहिला, मग घमेल्यात पाहिलं, पाण्याखाली बोटं आखडून घट्ट झाली होती.

"बाई," तो हळू म्हणाला. "भाऊले लागून राहिलं."

मालती वळली. तिने घमेल्यात हात घातला आणि चटका बसून मागे घेतला, मग पुन्हा घालून त्याचा पाय ओढून बाहेर काढला. पाय लालभडक झाला होता. ती त्या पायाकडे पाहत होती, मग त्याच्या चेहऱ्याकडे, त्या आखडलेल्या बोटांकडे, पुन्हा चेहऱ्याकडे. शालिकरामला वाटलं ती ओरडेल. ती ओरडली नाही. तिला कळत चाललं आहे हे त्याला दिसत होतं. आजची सकाळ, कालची, त्याआधीची, एकेक करत ती मागे चालली होती आणि प्रत्येक सकाळी तिला तेच सापडत होतं. उत्तमला यातलं काहीच कळलं नव्हतं. त्याचं तोंड उजळलं होतं. "जागा झाला, बाई! याइचा पाय जागा झाला!" तो ढुंगणावरच पुढे सरकला, आपला उघडा पाय तसाच मागे ओढत, आणि शालिकरामच्या लाल पायाकडे वाकून पाहू लागला. "कसं वाटून राहिलं, भाऊ? सांगा ना. पोळते म्हणजे... मले आता आठवतच नाही."

"पोळते," शालिकराम म्हणाला. त्याचा आवाज फाटला होता. "लई पोळते."

"अजून?"

"अजून."

उत्तमने मान हलवली, आणि त्याच्या डोळ्यांत जे होतं ते शालिकरामने ओळखलं. गेले कित्येक दिवस तो स्वतः उत्तमचा तसाच हेवा करत आला होता. त्याने नजर काढून घेतली. मालतीने त्याची टाच हातातून सोडून घमेल्याच्या काठावर ठेवली होती. ती उठून आत गेली, रांजणातलं गार पाणी लोट्यात भरून घेऊन आली, आणि उभ्यानेच, वरून, त्याच्या पायावर धार सोडली. पाणी घोट्यावर पडत होतं, सगळीकडे उडत होतं, तिच्या पायांवरही उडत होतं. ती वाकली नाही. लोटा रिकामा झाला तेव्हा तिने तो त्याच्या हाताशी ठेवला, म्हणाली, "पुढचं तुम्हीच टाका," आणि उत्तमला हात देऊन उठवायला वळली.